झेपेल का? – प्रशिक्षक पॅट समिट

वाचन पाठ · मध्यम पातळी

वाचण्यापूर्वी

‘झेपणं’ हे क्रियापद तुम्ही घरी नक्की ऐकलं असेल. जड पिशवी उचलायला गेलात की आई विचारते, ‘‘झेपेल का तुला?’’ एखादं काम आपल्या शक्तीत बसतं, म्हणजे ते आपल्याला झेपतं. हा प्रश्न बहुतेक वेळा मायेने विचारलेला असतो. पण समजा, तुमचं उत्तर न ऐकताच कोणी ठरवून टाकलं, ‘‘तुला नाही झेपणार, तू बस.’’ मग?

या पाठात अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या महिला बास्केटबॉल प्रशिक्षकांची गोष्ट आहे. वाचताना दोन शब्दांकडे लक्ष ठेवा: ‘सूट’ आणि ‘संधी’. सूट म्हणजे नियमातून किंवा कष्टातून मिळालेली मोकळीक. संधी म्हणजे काहीतरी करून दाखवायला मिळालेली जागा. हे दोन शब्द कधीकधी एकमेकांच्या विरुद्ध उभे राहतात. ते कसे, ते पाहू.

१. माळ्यावरचा खेळ

पॅटचा जन्म १४ जून १९५२ रोजी टेनेसी राज्यात झाला. लग्नाआधी तिचं आडनाव हेड होतं. तिला तीन मोठे भाऊ आणि एक धाकटी बहीण. घरची शेती होती, गाई होत्या. शेतावर भावांना जी कामं, तीच पॅटला. गवत गोळा करायचं, तंबाखूच्या कापणीला जायचं, गाईंचं दूध काढायचं. मुलगी म्हणून तिला वेगळी वागणूक नव्हती.

कामं संपली की भावंडं गोठ्याच्या वरच्या माळ्यावर चढायची. तिथे गवत साठवलेलं असायचं. त्यातच थोडी जागा करून वडिलांनी बास्केट टांगली होती. तिथे सामना रंगायचा. भाऊ मोठे होते, अंगाने दणकट होते आणि पॅटला धक्के द्यायला मागेपुढे पाहत नव्हते. पॅट तिथेच खेळायला शिकली.

पुढे एक अडचण आली. गावच्या हायस्कूलमध्ये मुलींचा संघच नव्हता. तेव्हा वडिलांनी चक्क घर हलवलं. शेजारच्या काउंटीतल्या शाळेत मुलींचा संघ होता, म्हणून सगळं कुटुंब तिकडे राहायला गेलं.

कॉलेजच्या वेळी मात्र घर हलवून भागणार नव्हतं. भावांना खेळासाठी शिष्यवृत्ती मिळाली होती. पॅट खेळात कमी नव्हती, पण तिच्यासाठी तशी शिष्यवृत्तीच नव्हती. तिची फी आई-वडिलांना भरावी लागली.

२. महिना अडीचशे डॉलर

पॅट कॉलेजात असतानाच, १९७२ मध्ये, अमेरिकेत एक कायदा झाला. तो ‘टायटल नाइन’ या नावाने ओळखला जातो. एखादी शिक्षणसंस्था केंद्र सरकारचे पैसे घेत असेल, तर तिथे स्त्री-पुरुष असा भेद करता येणार नाही, असं तो सांगतो. गंमत म्हणजे त्याच्या मूळ वाक्यात खेळांचा उल्लेखही नव्हता. पण शाळा-कॉलेजातला खेळ हा शिक्षणाचाच भाग, म्हणून तो खेळालाही लागू झाला.

कायदा एका दिवसात होतो, बदल व्हायला वेळ लागतो. १९७४ मध्ये पॅट नॉक्सव्हिल इथल्या टेनेसी विद्यापीठात शिकायला आणि शिकवायला गेल्या. महिला संघाच्या आधीच्या प्रशिक्षकांनी काम सोडलं होतं, त्यामुळे मुख्य प्रशिक्षकाचं काम त्यांच्याकडे आलं. तेव्हा त्या २२ वर्षांच्या होत्या. काही खेळाडू त्यांच्यापेक्षा एकाच वर्षाने लहान होत्या!

पगार होता महिना २५० डॉलर. संघाला दुसऱ्या गावी खेळायला जायचं असलं, की व्हॅन पॅटच चालवायच्या. सामन्याचे कपडे त्याच धुवायच्या. ते कपडेसुद्धा विद्यापीठाने दिलेले नव्हते, डोनट विकून जमवलेल्या पैशांतून आणलेले होते. शिवाय त्यांचं स्वतःचं पुढचं शिक्षण चालू होतं, आणि दुखावलेल्या गुडघ्याला व्यायाम देत त्या ऑलिम्पिकचीही तयारी करत होत्या.

डिसेंबर १९७४ मध्ये त्यांचा संघ पहिला सामना खेळला आणि एका गुणाने हरला: ८४ विरुद्ध ८३. त्यांनी हातपाय गाळले नाहीत. दीड वर्षाने, १९७६ मध्ये, माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये महिला बास्केटबॉल पहिल्यांदाच खेळला गेला. त्यात रौप्यपदक मिळवणाऱ्या अमेरिकेच्या संघात पॅट खेळाडू म्हणून होत्या. पुढे १९८४ मध्ये, लॉस एंजेलिसला सुवर्णपदक मिळवणाऱ्या अमेरिकेच्या महिला संघाच्या त्या प्रशिक्षक होत्या.

३. अर्ध्या मैदानाचा खेळ

तुम्ही शाळेत बास्केटबॉल खेळत असाल, तर एका बाजूला पाच खेळाडू असतात हे तुम्हाला ठाऊक आहे. सगळे संपूर्ण मैदानभर धावतात. पण त्या काळात टेनेसीच्या हायस्कूलमधल्या मुली असा खेळ खेळत नव्हत्या. त्यांच्या संघात सहा जणी असायच्या. तिघींनी फक्त हल्ला करायचा, तिघींनी फक्त बचाव करायचा. मधली रेषा कुणीही ओलांडायची नाही. म्हणजे बचाव करणाऱ्या मुलीला बास्केटमध्ये चेंडू टाकायची संधी कधीच मिळायची नाही.

हा नियम कुठून आला? मुलींना एवढं धावणं झेपणार नाही, त्याने त्यांच्या तब्येतीवर परिणाम होईल, असा समज फार जुना होता. बास्केटबॉलचा शोध १८९१ मध्ये लागला, आणि पुढच्याच वर्षी मुलींसाठी मैदानाचे भाग पाडणारे वेगळे नियम तयार झाले. म्हणजे मुलींना कष्टातून सूट दिली गेली. पण त्या सुटीची किंमत मोठी होती. कॉलेजात खेळ पाच-पाच जणींचा. ज्या मुलीने शाळेत कधी बास्केटमध्ये चेंडूच टाकला नाही, तिला कॉलेजच्या संघात कोण घेणार? शिष्यवृत्ती कोण देणार?

१९७६ मध्ये टेनेसीतल्या एका शाळकरी मुलीने या नियमाविरुद्ध कोर्टात दावा लावला. पॅट यांनी तिच्या बाजूने साक्ष दिली. ती मुलगी आधी जिंकली, पण वरच्या कोर्टाने निकाल फिरवला. पॅट मात्र थांबल्या नाहीत. अर्ध्या मैदानावर खेळलेल्या मुलींना पूर्ण मैदानाचा खेळ पहिल्यापासून शिकवावा लागतो, म्हणून नियम बदलला नाही तर खेळाडू दुसऱ्या राज्यांतून आणाव्या लागतील, हे त्यांनी आपल्याच राज्याला स्पष्ट सांगितलं. अखेर १९७९-८० च्या हंगामापासून टेनेसीतल्या शाळकरी मुली पूर्ण मैदानावर धावू लागल्या.

४. पहिल्या तीन रांगा

पॅट यांनी १९८० मध्ये लग्न केलं आणि त्या पॅट समिट झाल्या. त्यांची शिस्त कडक होती. चुकलेल्या खेळाडूकडे त्या रोखून बघायच्या, ती नजर सगळ्या देशात प्रसिद्ध झाली. सरावात त्या कुणाची गय करत नसत.

पण त्यांचा एक नियम मैदानाबाहेरचा होता. खेळाडूंनी वर्ग बुडवायचा नाही आणि वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसायचं. मागे बसून डुलक्या काढायला सक्त मनाई! कॉलेजात खेळणाऱ्या बहुतेक मुली पुढे खेळावर पोट भरणार नव्हत्या, हे समिट यांना पक्कं माहीत होतं. अमेरिकेतली महिलांची व्यावसायिक लीग, डब्ल्यूएनबीए, १९९७ मध्ये सुरू झाली. त्याआधीच्या मुलींना कॉलेजनंतर देशात खेळायला फारशी जागाच नव्हती. त्यांच्या हातात राहणार होती ती पदवी.

म्हणून समिट यांच्या कारकिर्दीतली एक गोष्ट विजयांइतकीच महत्त्वाची आहे. त्यांच्या संघात खेळण्याचा कालावधी ज्या खेळाडूंनी पूर्ण केला, त्या सगळ्याजणी पदवीधर झाल्या. एकही अपवाद नाही.

५. कानातलं यंत्र

टमिका कॅचिंग्ज हिला जन्मापासून कमी ऐकू यायचं. लहानपणी शाळेतली मुलं तिला चिडवायची. एक दिवस वैतागून तिने कानातलं यंत्र गवतात फेकून दिलं, आणि त्यानंतर अनेक वर्षं ते वापरलंच नाही. ओठांच्या हालचाली बघून ती काम भागवायची आणि इतकं सुंदर खेळायची, की अनेकांना काही कळायचंही नाही.

ती टेनेसीला आली तेव्हा समिट यांनी तिला यंत्र पुन्हा वापरायचा आग्रह केला. इथे विचार करा. ‘‘राहू दे, तुला अवघड जातं, मी सांभाळून घेईन,’’ असं म्हणणं सोपं होतं. ती सूट झाली असती. पण समिट यांना तिला लपून राहायला मदत करायची नव्हती. सगळ्यांसमोर, जशी आहे तशी, उभी राहायला मदत करायची होती.

टमिका यंत्र वापरू लागली. पहिल्याच वर्षी, १९९८ मध्ये, ती राष्ट्रीय विजेत्या संघात होती. पुढे तिने ऑलिम्पिकची चार सुवर्णपदकं मिळवली.

६. हरण्याचं वर्ष, जिंकण्याचं वर्ष

समिट यांच्या संघाने आठ वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं: १९८७, १९८९, १९९१, १९९६, १९९७, १९९८, २००७ आणि २००८. यातली दोन वर्षं शेजारी ठेवून पाहा.

१९९६-९७ मध्ये संघ तब्बल १० सामने हरला. एवढे सामने हरणारा संघ देशात पहिला येईल असं कुणालाही वाटलं नव्हतं. पण शेवटच्या स्पर्धेत मात्र तो जिंकत गेला आणि विजेता ठरला. पुढच्याच वर्षी, १९९७-९८ मध्ये, संघ ३९ सामने खेळला आणि ३९ च्या ३९ जिंकला.

२००६ मध्ये समिट यांचा पगार वर्षाला १० लाख डॉलरच्या पुढे गेला. महिला बास्केटबॉलच्या कोणत्याही प्रशिक्षकाला तोपर्यंत एवढा पगार मिळाला नव्हता. महिना २५० पासून इथपर्यंत यायला ३२ वर्षं लागली. यात फक्त एका व्यक्तीची प्रगती दिसत नाही. महिलांच्या खेळाकडे बघायची लोकांची नजर किती बदलली, तेही दिसतं.

७. शेवटचा हंगाम

२०११ मध्ये समिट ५९ वर्षांच्या होत्या. नेहमीच्या गोष्टी आठवेनाशा झाल्या, म्हणून त्या डॉक्टरांकडे गेल्या. अल्झायमर झाल्याचं निदान झालं. या आजारात माणसाची स्मरणशक्ती हळूहळू जाते. हा आजार बहुधा म्हातारपणी होतो. समिट यांना तो खूप लवकर झाला.

त्यांनी तो लपवला नाही. ऑगस्टमध्ये त्यांनी सगळ्या जगाला सांगितलं. कुणी आपली कीव करू नये, असंही सांगितलं. मग त्यांनी आणखी एक हंगाम प्रशिक्षक म्हणून काम केलं. या वेळी त्यांच्या सहायकांनी बराच भार उचलला. आयुष्यभर दुसऱ्यांना उभं करणाऱ्या समिट यांनी आता दुसऱ्यांचा हात धरला, तोही सगळ्यांसमोर. टमिकाला त्यांनी जे सांगितलं होतं, तेच त्या स्वतः करत होत्या.

एप्रिल २०१२ मध्ये त्यांनी पद सोडलं. त्यांच्या जागी हॉली वॉर्लिक आल्या. त्या आधी समिट यांच्या खेळाडू होत्या आणि मग अनेक वर्षं सहायक. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी समिट यांना ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ हा सर्वोच्च नागरी सन्मान दिला. २८ जून २०१६ रोजी, वयाच्या ६४ व्या वर्षी, त्यांचं निधन झालं.

३८ हंगामांत त्यांच्या संघाने १,०९८ सामने जिंकले आणि २०८ हरले. त्या निवृत्त झाल्या तेव्हा कॉलेज बास्केटबॉलच्या वरच्या श्रेणीत, पुरुष किंवा महिला, कोणत्याही संघाच्या प्रशिक्षकाच्या नावावर एवढे विजय नव्हते. हा आकडा नंतर इतरांनी ओलांडला. विक्रम मोडण्यासाठीच असतात. पण टेनेसीतल्या शाळेत आज एखादी मुलगी मधली रेषा ओलांडून पळत जाते आणि चेंडू टाकते, तेव्हा तिला कुणी ‘झेपेल का?’ असं विचारत नाही. हा बदल घडवण्यात समिट यांचा मोठा वाटा आहे.

---

शब्दार्थ

माळा – छपराखालची सामान ठेवायची जागा
दणकट – मजबूत शरीराचा
हंगाम – खेळाचा किंवा पिकाचा ठरावीक काळ
दावा लावणं – कोर्टात तक्रार नेणं
साक्ष देणं – कोर्टात आपल्याला माहीत असलेलं खरं सांगणं
गय करणं – चूक सोडून देणं, दया दाखवणं
हातपाय गाळणं – धीर सोडणं
मागेपुढे न पाहणं – अजिबात न कचरणं
कीव करणं – एखाद्याला बिचारा समजणं
निदान – कोणता आजार आहे ते ओळखणं
कारकीर्द – एखाद्याच्या कामाची सगळी वर्षं

भाषेकडे लक्ष द्या

१. पहिल्या भागात ‘पॅट शिकली’, ‘तिची फी’ असं लिहिलं आहे. दुसऱ्या भागात ‘पॅट गेल्या’, ‘त्यांचा संघ’ असं झालं. लहान मुलीसाठी ‘ती’, मोठ्या व्यक्तीला मान देताना ‘त्या’. क्रियापदही बदलतं: ती गेली, त्या गेल्या. टमिकासाठी कोणतं रूप वापरलं आहे? का?

२. ‘झेपणं’ वापरताना माणसाला ‘ला’ लागतो: मला झेपतं, आजोबांना झेपत नाही, तुम्हाला झेपेल. ‘मी झेपतो’ असं म्हणत नाहीत.

३. नाइलाज सांगायला ‘लागणं’ वापरतात: फी भरावी लागली, पैसे भरावे लागले, घर हलवावं लागलं. पहिलं रूप कशावरून बदलतं ते शोधा.

प्रश्नांची उत्तरं लिहा

१. पॅटच्या कुटुंबाने घर का हलवलं?
२. पहिल्या वर्षी पॅट यांना प्रशिक्षणाखेरीज कोणकोणती कामं करावी लागायची?
३. सहा जणींच्या खेळात बचाव करणाऱ्या मुलींचं काय नुकसान व्हायचं?
४. पहिल्या तीन रांगांचा नियम समिट यांना का महत्त्वाचा वाटत असेल?
५. पाठात ‘सूट’ मुळे ‘संधी’ गेल्याचं एक उदाहरण आहे. ते तुमच्या शब्दांत सांगा.

विचार करा आणि वर्गात बोला

१९७२ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजांत महिला संघांच्या प्रशिक्षकांपैकी १० मध्ये ९ हून जास्त स्त्रिया होत्या. पुढे या कामात पैसा आणि मान आला, आणि पुरुषही ते काम मागू लागले. नंतर हे प्रमाण निम्म्याच्याही खाली गेलं. म्हणजे खेळाडू मुलींच्या संधी वाढल्या, पण प्रशिक्षक स्त्रियांचा वाटा घटला. असं का झालं असेल? तुमच्या शाळेत मुलींच्या संघाला कोण शिकवतं? आणि मुलांच्या संघाला एखादी स्त्री शिकवते का?

घरी बोला

आधी हा संवाद मोठ्याने वाचा.

नात: आजी, तू शाळेत काय खेळायचीस गं?
आजी: खो-खो! पाठीवर थाप पडली, ‘खो’ ऐकलं, की सुसाट पळायचं.
नात: तुला कुणी अडवलं नाही?
आजी: अडवलं ना. नववीत गेल्यावर घरी म्हणाले, आता पुरे झालं. पण आमच्या बाई घरी आल्या आणि वडिलांना म्हणाल्या, ‘‘तिला खेळू द्या.’’
नात: मग?
आजी: मग काय, आणखी दोन वर्षं खेळले!

आता तुमच्या आजीला, मावशीला, काकूला किंवा आत्याला हाच प्रश्न विचारा. फोनवर विचारलंत तरी चालेल. त्या काय म्हणाल्या ते त्यांच्याच शब्दांत पाच-सहा ओळींत लिहा.

लेखन

‘मला हे झेपणार नाही असं सगळ्यांना वाटलं होतं’ या वाक्याने सुरुवात करून १०० शब्द लिहा. गोष्ट तुमची असो की दुसऱ्या कुणाची, त्यात ‘झेपणं’, ‘सूट’, ‘संधी’ आणि ‘हातपाय गाळणं’ हे चारही शब्द आले पाहिजेत.